दान आणि दानत

विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’वरचा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतो : हे नाटक दलितविरोधी आहे की नाही? १९८३मध्ये नाटक आलं तेव्हापासून हा प्रश्न आहे. याच नाटकासाठी तेंडुलकरांना १९९३चा सरस्वती सन्मान मिळाला, आणि याच नाटकापायी आपल्यावर चप्पलही फेकली गेली, असं त्यांनी तो सन्मान स्वीकारताना सांगितलं. प्रश्न महत्त्वाचा आहेच, आणि मीही शेवटी त्याच्याकडेच येणार आहे. पण तिथे जायची माझी वाट जरा वेगळी आहे. मला आधी विचारायचंय : नाथ देवळालीकर हा चांगला माणूस आहे का?

नाटक पाहिलेल्या-वाचलेल्या कुणालाही हे विचारा, उत्तर बहुतेक वेळा ‘हो, पण...’ असं येतं. हा ‘पण’ नेमका कशाबद्दल आहे, ते मात्र पटकन सांगता येत नाही. नाथ भोळा होता, असं कुणी म्हणतं. आदर्शवादी होता, वास्तवाचं भान नव्हतं, असं कुणी म्हणतं. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे त्याचा हेतू शुद्ध होता. जे काही बिघडलं ते हेतूच्या बाहेर बिघडलं. मला हे गृहीतकच तपासून बघावंसं वाटतं.

मराठीत माणसाच्या चांगुलपणाबद्दल बोलायला एक नेमका शब्द आहे, दानत. कानाला तो ‘दान’चा भाऊबंद वाटतो, पण त्याचं मूळ अरबी-फारसीतल्या ‘दियानत’मध्ये आहे. म्हणजे सचोटी, नीयत. दान चारचौघांना दिसतं, दानत दिसत नाही. म्हणून तर आपण देणाऱ्याच्या देणगीवरून त्याची दानत ओळखायला बघतो आणि बरेचदा फसतो. इमॅन्युएल कांटनं १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. हा दुकानदार अडाणी गिऱ्हाइकालाही जादा भाव लावत नाही. का, तर नाव खराब झालं की धंदा बसतो. वागणं बरोबर आहे, पण कांटच्या मते त्याला नैतिक मोल नाही, कारण ते कर्तव्यापोटी झालेलं नाही. निष्काम कर्माच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला हा मुद्दा कुणी समजावून सांगायची गरज नाही. उलट आपण दुसऱ्या टोकाला जातो. ‘हेतू वाईट नव्हता’ एवढं म्हटलं की आपल्याकडे बरंचसं माफ होतं.

‘कन्यादान’ या माफीबद्दलचं नाटक आहे, असं मला वाटतं.

ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाथ देवळालीकर समाजवादी चळवळीतला, विधान परिषदेचा आमदार. गावोगावच्या सभा, दौरे, एसटीचे प्रवास यांत आयुष्य गेलेलं. बायको सेवा, तीही समाजकार्यात. मुलगा जयप्रकाश, मुलगी ज्योती. घरातली नावं वाचली तरी कळतं की या घरात विचार आणि संसार वेगळे ठेवलेले नाहीत. एक दिवस ज्योती सांगते की तिनं अरुण आठवलेशी लग्न करायचं ठरवलंय. अरुण दलित आहे, कवी आहे, अजून शिकतोय. ओळख फार जुनी नाही. सेवा आणि जयप्रकाश धास्तावतात, नाथ मात्र हरखून जातो. लग्न होतं. अरुण दारू पितो, ज्योतीला मारतो. ती घरी परत येते, अरुण मागोमाग येऊन स्वतःला शिक्षा करून घ्यायची भाषा करतो, ती पुन्हा त्याच्याबरोबर जाते. पुढे ती गरोदर असतानाही मारहाण चालू राहते. त्याच सुमारास अरुणचं आत्मचरित्र गाजतं. त्यावरच्या कार्यक्रमात नाथनं बोलावं, असा आग्रह घेऊन अरुण घरी येतो. नाथला संताप येतो, पण आपण नाही म्हटलं तर त्याचा वचपा ज्योतीवर निघेल या भीतीनं, सेवेच्या सांगण्यावरून तो जातो आणि पुस्तकाची स्तुती करून येतो. सभेत बसलेली ज्योती नंतर घरी येऊन त्याला जाब विचारते. जाताना ती सांगून जाते की आता ती देवळालीकरांची कुणी नाही, अरुणची आहे, आणि तिचं जे व्हायचं ते तिथेच होईल.

आता नाथचे हेतू बघू. मला त्यात तीन धागे दिसतात. पहिला, जात मोडली पाहिजे ही श्रद्धा. हा उथळ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच मांडलं होतं की जातीवरचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे, सहभोजनं पुरेशी नाहीत. दुसरा धागा मुलीच्या स्वातंत्र्याचा. ज्योतीनं निर्णय घेतलाय, तो तिचा आहे, बापानं आडवं यायचं नाही. हाही खरा आहे. तिसरा धागा नाथ स्वतःशी उघडपणे बोलत नाही, पण तेंडुलकर तो दाखवतात. अरुण पहिल्यांदा घरी येऊन गेल्यावर सेवा आणि जयप्रकाश अस्वस्थ असतात. नाथ आनंदात असतो. आजवर जे भाषणांतून सांगितलं ते आता आपल्या घरात घडतंय, असा तो आनंद आहे. त्यात ज्योती किती आहे, अरुण किती आहे आणि नाथचं स्वतःचं आयुष्य किती आहे? मला वाटतं, तिसरं सगळ्यात जास्त आहे. आयुष्यभर दिलेल्या भाषणांना त्याला एक पुरावा हवा होता, आणि तो चालत घरी आला.

तेंडुलकरांनी हे वादाच्या प्रसंगात ठेवलेलं नाही, आनंदाच्या प्रसंगात ठेवलंय. वाद घालताना माणूस आपले हेतू नीट मांडून ठेवतो. आनंदात ते आपोआप सांडतात.

आणि पुढे, लग्न मोडायच्या बेतात आलं तेव्हाही नाथचा आग्रह असतो की ते टिकावं. त्याच्या लेखी तो एक प्रयोग आहे, आणि प्रयोग फसून चालणार नाही. इथे माझ्यातली इंजिनियर जागी होते. आमच्याकडे नवीन कोड लिहिला की तो आधी स्वतःच्या मशीनवर चालवून बघतात, मग चाचणीच्या सर्व्हरवर, आणि सगळ्यात शेवटी लोकांपुढे. बिघडलं तर आपलं बिघडावं, एवढी साधी काळजी त्यात आहे. नाथचा प्रयोग पहिल्या दिवसापासून मुलीच्या अंगावर चालला. नाटकाचं नाव किती अचूक आहे, हे इथे कळतं. जो माणूस धार्मिक विधी म्हणून कन्यादान कधीच मानणार नाही, त्यानं तेच केलं. फक्त देव बदलला. मुलगी एका मूल्याला अर्पण केली, आणि मूल्य थोर असल्यामुळे अर्पण करणाऱ्याला आपलं काही चुकतंय असं वाटलंच नाही.

सेवेचं उलट आहे. तिचा विरोध ती जातीच्या भाषेत मांडत नाही. राहणी, सवयी, संस्कार अशा शब्दांत मांडते. हे शब्द जातीला पांघरूण घालायला घराघरांत वापरले जातात, म्हणून तिच्या हेतूवर शंका घ्यायला जागा आहे, आणि घेतलीही पाहिजे. पण सेवेनं काहीतरी पाहिलेलंही असतं. तिनं मुलीचा चेहरा पाहिला, तिच्या उत्तरांतला अडखळलेपणा ऐकला. मुलगा मुलीशी कसा वागतो तिकडे लक्ष दिलं. शंकास्पद हेतूच्या बाईचा अंदाज बरोबर निघाला आणि शुद्ध हेतूच्या पुरुषाचा चुकला. याचा अर्थ पूर्वग्रह बरा असा होत नाही. पूर्वग्रहामुळे तिला दिसलं असंही नाही. तिला दिसलं, कारण ती बघत होती. नाथला बघायची गरज वाटली नाही. आपला हेतू तपासून तो निर्धास्त झाला होता.

हेतूच्या शुद्धतेचा हा धोका कांटच्या दुकानदारात दिसत नाही. नफ्यासाठी प्रामाणिक राहणारा दुकानदार गिऱ्हाइकाकडे निदान डोळे उघडे ठेवून बघतो. स्वतःच्या चांगुलपणाची खात्री पटलेला माणूस मात्र आरशात बघतो.

शेवटच्या भाषणाकडे येऊ. तिथे सगळं उलटं होतं. नाथ जे करतो ते खोटं आहे, मागचा हेतू मात्र पूर्ण प्रेमाचा आहे : मुलीला मार बसू नये. पहिल्या निर्णयात तत्त्व होतं आणि मुलगी सुटली होती. या निर्णयात मुलगी आहे आणि तत्त्व सुटलंय. एखाद्या हळव्या नाटकात मुलीनं बापाच्या गळ्यात पडून रडायची हीच जागा असती. ज्योती नेमकं याच कृतीसाठी त्याला माफ करत नाही. का? कारण ती त्याचीच मुलगी आहे. शब्द आणि मन एक असलं पाहिजे हे तिला याच घरात शिकवलेलं आहे. शिवाय त्या भाषणात अरुणचा अपमान आहे, तो तिला कळतो. ज्याच्याबद्दल मनात तिरस्कार आहे त्याची व्यासपीठावरून स्तुती करणं म्हणजे त्याला खरं उत्तर देण्याच्याही लायकीचा न समजणं.

ज्योतीच्या निर्णयाला अनेकांनी त्याग म्हटलंय, बापाच्या शिकवणुकीची शेवटपर्यंत किंमत मोजणारी मुलगी म्हटलंय. मला ते मानवत नाही. मार खाणाऱ्या बाईनं परत त्याच घरात जाणं हा कुठल्याही मूल्याचा विजय नाही, आणि नाटक त्या क्षणी तिला जी उंची देतं ती मला खटकते. तिच्या जाण्यात निष्ठा असेल, हट्ट असेल, बापाला धडा शिकवायची इच्छा असेल, थोडं प्रेमही असेल. एवढं मान्य की तेंडुलकरांनी तिला हे सगळं दिलंय. तिच्या कृतीमागे काय आहे यावर आपण वाद घालू शकतो. नाथच्या कृतीमागे काय आहे यावर मी आत्ता इतका वेळ बोलले. सेवेबद्दलही बोलले.

अरुणबद्दल असं बोलता येतं का?

मला येत नाही. प्रयत्न करून बघितला. अरुण का मारतो? नाटकात याची उत्तरं आहेत, पण ती सगळी एका जातीची आहेत. जयप्रकाश पॅलेस्टिनींच्या बातमीवरून सिद्धान्त मांडतो की काल ज्यांनी छळ सोसला तेच आज छळ करतात. अरुण स्वतःही आपल्या पूर्वजांचा, भुकेचा, वस्तीचा दाखला देतो. हे ऐकून कुणी हळहळतं, कुणी चिडतं. पण हळहळणारा आणि चिडणारा दोघंही अरुणच्या कृतीचं कारण सांगतायत, हेतू नाही. आणि या दोहोंत फरक आहे. दगड उतारावरून घरंगळतो त्याला कारण असतं. दगडाला हेतू नसतो. आमच्या कामात सिस्टिम बंद पडली की आम्ही लॉग उघडतो, कुठल्या क्षणी काय झालं ते ओळीनं वाचतो आणि कारण शोधतो. सर्व्हरला कुणी ‘तुझ्या मनात काय होतं’ असं विचारत नाही. विचारायची गरज नसते, कारण त्याला मन नाही.

देवळालीकरांच्या घरातल्या माणसांना मन आहे. त्यांच्या चुकांना मागचा-पुढचा विचार आहे, द्वंद्व आहे, पश्चात्ताप आहे. अरुणला इतिहास आहे. तो हात उगारतो तेव्हा त्याच्या मागून शतकं हात उगारतात. पश्चात्ताप करतो तोही इतका भडक की तो खरा की सोंग हे ठरवता येत नाही. ज्योतीला मारून झाल्यावर, रात्री एकटा असताना, तो स्वतःशी काय बोलतो? आपण वाईट वागलो असं त्याला वाटतं का? वाटत असेल तर तो थांबत का नाही? वाटत नसेल तर कुठल्या समजुतीनं? नाथबद्दल असे प्रश्न विचारले की नाटक उत्तरं देतं. अरुणबद्दल विचारले की ते गप्प बसतं.

यावर एक बचाव आहे, आणि तो दुबळा नाही. हे नाटक नाथचं आहे, असं म्हणता येईल. अरुण आपल्याला कळत नाही, कारण तो नाथला कळत नाही. तेंडुलकरांना दाखवायची होती ती याच न कळण्याची शोकांतिका. हा बचाव मला अर्धा पटतो. पटत नाही तो एका प्रसंगामुळे. अरुण पहिल्यांदा घरी येतो तेव्हा काही वेळ तो आणि ज्योती दोघंच रंगमंचावर असतात. नाथ तिथे नाही. मोठ्या घरात आपल्याला अवघडल्यासारखं होतं, असं अरुण तिथे सांगतो, आणि क्षणभर वाटतं की आता हा माणूस उलगडेल. मग त्याचं बोलणं टोकदार होत जातं आणि तो तिचा हात पिरगाळतो. दार उघडलं होतं, ते लगेच बंद झालं. तिथे नाथची नजर नव्हती. तिथे फक्त नाटककार होता.

आणखी एक गोष्ट. अरुण आत्मचरित्र लिहितो. म्हणजे या माणसानं आपलं आतलं शब्दांत मांडलेलं आहे आणि ते छापून आलंय. नाथ ते वाचतो, त्यावर बोलतो, लोक त्याची वाहवा करतात. आपण मात्र त्याबद्दल फक्त ऐकतो. ज्या एका ठिकाणी अरुणचे हेतू त्याच्या स्वतःच्या भाषेत सापडले असते, ते ठिकाण नाटकानं विंगेत ठेवलंय.

१९८३च्या प्रेक्षकाला हे जाणवायला हरकत नव्हती. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८मध्ये आलेलं होतं. त्यात दगडू मारुती पवार आणि दया पवार, म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग, एकमेकांसमोर बसतात. एक सांगतो, दुसरा ऐकतो. पहिल्या बायकोवर घेतलेला संशय, त्यापायी मोडलेला संसार, त्यात आपण कसे वागलो, हे सगळं तिथे आहे. गरिबी आणि जात हीही कारणं म्हणून आहेतच, पण ती सांगणाऱ्याच्या जबाबदारीला गिळून टाकत नाहीत. पुढे बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये सुनांच्या वाट्याला येणाऱ्या क्रौर्याबद्दल आणि २००३च्या ‘आयदान’मध्ये उर्मिला पवार यांनी नवऱ्याला आपलं शिक्षण आणि बाहेरचं काम कसं सलत गेलं त्याबद्दल लिहिलं. म्हणजे दलित घरातल्या हिंसेबद्दल बोलू नये, असा माझा मुद्दा नाही. दलित लेखक-लेखिकांनी ते कुणाहीपेक्षा सडेतोडपणे बोललंय. पण त्यांच्या पुस्तकांत मारणारा माणूस माणूस राहतो. त्याला चुकण्याची मुभा आहे, म्हणून सुधारण्याचीही आहे. खुद्द तेंडुलकरांनी नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला प्रस्तावना लिहिली होती. हे जग त्यांना अपरिचित होतं असंही नाही.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. ‘कन्यादान’मध्ये दलित पात्र वाईट दाखवलंय, ही तक्रार मला पुरेशी वाटत नाही. वाईट असण्याचा हक्क सगळ्यांना आहे. अडचण ही आहे की अरुणला वाईटही होऊ दिलेलं नाही. वाईट व्हायला निवड लागते, आणि निवडीला हेतू लागतो. नाटकानं हेतू वाटताना हात आखडता घेतला. एका घराला भरभरून दिले, दुसऱ्या माणसाला कारणांवर भागवायला लावलं.

आणि हे फक्त तेंडुलकरांचं नाही. आपण रोज हेच करतो. आपला माणूस चुकला की ‘त्याच्या मनात तसं नव्हतं’, आणि परका चुकला की ‘ते लोक तसेच’. जरा उदार असलो तर ‘ते तरी काय करणार, परिस्थितीच तशी’. उदार वाक्यात आवाज मऊ आहे, हिशोब तोच आहे. नाथची उदारता याच प्रकारची होती. त्यानं अरुणला आपली मुलगी दिली, घराचं दार दिलं, आदर दिला, शेवटी व्यासपीठावरून खोटी स्तुतीही दिली. एवढं देऊनही त्यानं अरुणला कधी एक साधी गोष्ट दिली नाही, ती म्हणजे आपल्या बरोबरीनं जबाबदार धरलं जाणं. अरुणच्या पहिल्या भेटीत नाथ भरपूर बोलतो, विचारतो कमी. तुला हे लग्न का करायचंय, असा प्रश्न कुठलाही बाप कुठल्याही जावयाला विचारतो. नाथनं तो समोर बसवून, रोखून विचारला नाही, बहुधा आपण जातीवरून विचारतोय असं वाटू नये म्हणून. पण तो न विचारणं हाच जातीचा शेवटचा अवशेष होता. बरोबरीच्या माणसाला आपण प्रश्न विचारतो.

माझ्या वयाच्या लोकांच्या घरांत आंतरजातीय लग्नाचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी हे नाटक दाखल्यासारखं काढतं : बघा, शेवटी काय झालं. नाटकातून हा धडा काढणं चूक आहे. ज्योतीचं लग्न जात ओलांडल्यामुळे बुडालं, याचा कुठलाही पुरावा संहितेत नाही. तिथे एक पुरुष बायकोला मारतो, आणि असे पुरुष पत्रिका जुळवून केलेल्या लग्नांतही मुबलक आहेत. पुरावा आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. आपला हेतू स्वच्छ आहे याची खात्री करून घेणं ही चांगुलपणाची फार तर सुरुवात असते. समोरच्यालाही हेतू आहे, तो आपल्याला माहीत नाही, आणि तो विचारावा लागेल, इथून पुढचं काम सुरू होतं. नाथ देवळालीकरकडे दान भरपूर होतं. त्याच्या दानतीबद्दल मला अजूनही शंका आहे, आणि ती शंका जागी ठेवल्याबद्दल, सगळ्या तक्रारींसकट, मी या नाटकाची ऋणी आहे.